हे गाणं केव्हा रचलंस?

पौर्णिमेला विहारात अष्टशील घेतलं की त्यातलं सातवं शील नाच, गाणं, वाद्य आणि खेळतमाशांपासून, तसंच माळा, अत्तर आणि दागदागिन्यांपासून दूर राहायला सांगतं. पांढरी साडी नेसून, हात जोडून मी ते घेते आणि दिवसभर पाळते. घरात टीव्ही लागत नाही, मोबाइलचा आवाज बंद असतो. पण विहारातून बाहेर पडलं की कुठल्या तरी गल्लीत वामनदादा कर्डकांचं गाणं लागलेलं असतं. आणि ज्या धम्माचं शील मी सकाळी घेतलं, तो आमच्या घरात ग्रंथातून आला नव्हता, प्रवचनातूनही आला नव्हता, हे मला तिथेच आठवतं. माझ्या आईला वाचता येत नव्हतं. तिला बुद्ध कळला तो गाण्यातून. बाबासाहेब कळले तेही गाण्यातूनच. मग ज्या गाण्याने आम्हाला धम्म दिला, त्या गाण्याला धम्मात जागा कुठे?

हा प्रश्न मला पुस्तकी वाटत नाही. दर पौर्णिमेला तो माझ्यासोबत घरी येतो.

मी नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात इन्स्पेक्शनला आहे. मोठ्या गाड्यांच्या कंपन्यांना लागणारे बुश आमच्याकडे होतात. माझे वडील सिन्नर तालुक्यातून इथे कामाला आले. १९६०च्या दशकात ही वसाहत उभी राहू लागली. मायको आली, महिंद्रा आली, आणि त्र्यंबक रोडच्या दोन्ही अंगांना वस्त्या वाढल्या. अशोकनगर, श्रमिकनगर, प्रबुद्धनगर. खानदेशातून, मराठवाड्यातून, विदर्भातून माणसं आली ती आपापली गाणी घेऊन आली. शनिवारी रात्री एखाद्या चाळीच्या पटांगणात पेटी, ढोलकी आणि बुलबुलतरंग घेऊन चार जण बसले की सगळी गल्ली सतरंजीवर. ही गाणी रेडिओवर नव्हती. सिनेमातही नव्हती. कुठल्याही मोठ्या रेकॉर्ड कंपनीने ती मागितली नव्हती. माणसं स्वतः रचायची, स्वतः चाल लावायची, स्वतः गायची. आज शहरातली मुलं अशा गाण्याला इंडिपेंडंट म्युझिक म्हणतात. आमच्याकडे गाणं एवढंच होतं, आणि ते असंच असायचं.

आमच्या विहारात येणारे भंतेजी गाण्याच्या बाबतीत कडक आहेत. १४ एप्रिलला, आंबेडकर जयंतीला डीजेच्या भिंती उभ्या राहतात, छातीत धडधड होते, आजारी माणसं दारं-खिडक्या लावून बसतात, आणि त्या आवाजात बाबासाहेबांचं नाव कुणालाच ऐकू येत नाही. यावर ते बोलतात तेव्हा मला त्यांचं सगळं पटतं. एका वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन झाल्यावर मी त्यांना सरळ विचारलं, की बुद्धांनी गाण्याबद्दल नेमकं काय सांगितलं आहे? त्यांनी अंगुत्तर निकायातलं एक छोटं सुत्त समजावून सांगितलं. धम्म लांबलचक ताना घेत गाऊन म्हणण्यात पाच धोके आहेत. गाणारा स्वतःच्या आवाजात गुंततो. ऐकणारेही त्या आवाजात गुंततात. गृहस्थ नावं ठेवतात, की हे श्रमण आपल्यासारखेच गातात. सूर नेमका लावण्याच्या ओढीत चित्ताची एकाग्रता मोडते. आणि मागून येणारे तोच कित्ता गिरवतात.

त्या पाच गोष्टींवर मी पुष्कळ विचार केला आहे. त्यातला एकही धोका खोटा नाही. पहिले दोन तर मोबाइल उघडल्याबरोबर दिसतात. एक गाणं संपायच्या आत दुसरं आपोआप सुरू होतं, आवाजातून आवाजात आपण घरंगळत जातो, आणि तासाभराने विचारलं की काय ऐकलं, तर एक ओळ सांगता येत नाही. कुणी गायलं, कुणी लिहिलं, काही नाही. आवाज तेवढा कानात उरतो. हे गुंतणं बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वी ओळखलं होतं.

पण ते सुत्त भिक्षूंना उद्देशून आहे, आणि त्याचा विषय धम्मपाठ आहे. गृहस्थाच्या रोजच्या पंचशीलात गाण्यावर बंदी नाही. ती येते उपोसथाच्या, म्हणजे पौर्णिमेसारख्या दिवशी. शिवाय विनयात, म्हणजे भिक्षूंच्या नियमांतच त्यांना सरभञ्ञ, म्हणजे धम्म स्वरात म्हणायची परवानगीही दिलेली आहे. सोण कुटिकण्ण नावाच्या तरुण भिक्षूने पहाटे बुद्धांसमोर अट्ठकवग्ग म्हणून दाखवला, तेव्हा त्याच्या पठणाचं आणि आवाजाचं कौतुक झालं. वंगीस तर उत्स्फूर्त काव्य करणाऱ्या भिक्षूंमध्ये अग्रगण्य मानला गेला. थेरीगाथेतल्या भिक्षुणी आपल्या तोंडाने आपली मुक्ती सांगतात. त्यातली एक उखळ-मुसळातून सुटल्याचं सांगते, आणि ते वाचताना मला माझी आजी दिसते.

सगळ्यात मोठं उत्तर मला मिळालं ते दीघ निकायातल्या सक्कपञ्ह सुत्तात. भंतेजींनीच ते सांगितलं, हे मुद्दाम नोंदवते. बुद्ध राजगृहाच्या पूर्वेला, वेदियक डोंगरातल्या इंदसाल गुहेत ध्यानाला बसलेले असतात. देवांचा राजा सक्क त्यांना भेटायला येतो, पण ध्यानस्थ माणसाजवळ एकदम जायचं कसं? म्हणून तो पंचशिख नावाच्या गंधर्वाला पुढे पाठवतो. पंचशिख बेलाच्या लाकडाची पिवळसर वीणा घेऊन फार जवळ नाही, फार लांब नाही अशा बेताने उभा राहतो आणि गातो. गाणं कसलं, तर प्रेमाचं! भद्दा नावाच्या गंधर्वकन्येवर त्याचं मन बसलेलं. त्या प्रेमगीतातच बुद्ध आहेत, धम्म आहे, अरहंत आहेत. मी ऐकत होते आणि मनात धास्ती होती, की आता बुद्ध याला रागावतील.

बुद्ध रागावत नाहीत. ते म्हणतात, की तुझ्या तारांचा आवाज तुझ्या गाण्याशी जुळतो आणि गाणं तारांशी जुळतं, दोघांतलं कुणी कुणाला ओलांडत नाही. आणि मग ते विचारतात, हे गाणं तू केव्हा रचलंस?

पंचशिख सगळं सांगतो. तुम्हाला नुकतीच बोधी झाली होती, नेरंजरेच्या काठी अजपाल वडाखाली तुम्ही होतात, त्या काळातलं हे. ती दुसऱ्याच्या प्रेमात होती, मी तिच्या बापाच्या घरी जाऊन गायलो. सगळी हकीकत. आणि बुद्ध ती ऐकून घेतात. गाणं ऐकून झालं, पुरे झालं, असं होत नाही.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला या जागी सापडतं. जगातल्या सगळ्यात जागृत माणसाने एका कलावंताला दोन गोष्टी दिल्या. आधी नीट ऐकून खरं मत दिलं, आणि मग तू कोण, हे गाणं कुठून आलं, असं विचारलं. सातवं शील ज्या ऐकण्यापासून दूर राहायला सांगतं ते बेभान ऐकणं आहे, असं मी मानते. पंचशिखापुढे बुद्धांनी केलं ते ऐकणं वेगळं. त्यात ऐकणारा जागा असतो आणि गाणारा माणूस म्हणून दिसतो. भंतेजींना माझं हे म्हणणं पूर्ण मान्य नाही. ते म्हणतात, बुद्धांना जमलं ते आपल्याला जमेलच असं नाही, म्हणून एक दिवस तरी कान मोकळे ठेवा. तेही खरं आहे, आणि म्हणूनच पौर्णिमेचं शील मी मोडत नाही. दुसऱ्या दिवशी पहिलं गाणं लावते तेव्हा ते मला नेहमीपेक्षा स्वच्छ ऐकू येतं. त्यामुळे शील आणि गाणं एकमेकांचे वैरी आहेत, हे मी मानायला तयार नाही.

आता आमच्या गाण्याकडे येते. नाशिक जिल्ह्याला या बाबतीत फार मोठा वारसा आहे आणि आम्हीच तो पुरता ओळखत नाही. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. त्या सगळ्या काळात भीमराव कर्डकांसारखे या जिल्ह्यातले शाहीर जलसे घेऊन गावोगाव फिरत होते. वर्तमानपत्र पोचत नव्हतं तिथे जलसा पोचत होता. तमाशाचा साज घ्यायचा आणि आतली गोष्ट बदलायची, असं त्यांनी केलं. गण-गवळणीच्या जागी माणसाच्या हक्काची गोष्ट आली.

मग वामनदादा. वामन तबाजी कर्डक, जन्म १५ ऑगस्ट १९२२, गाव देशवंडी, तालुका सिन्नर. मुंबईत कष्टाची कामं केली, अक्षरं मोठेपणी शिकले, १९४३ साली पहिलं गाणं केलं आणि त्यानंतर थांबलेच नाहीत. हजारो गाणी. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरला धम्मदीक्षा झाली, आणि लाखो माणसांना एका दिवसात नवा धर्म मिळाला. पण या धर्मात लग्न कसं लावायचं, बाळाला काय गाऊन झोपवायचं, शेतात निंदताना काय म्हणायचं, हे त्यांना कोण सांगणार होतं? ते वामनदादांच्या गाण्यांनी सांगितलं. त्यांच्या बऱ्याच गाण्यांच्या शेवटी 'वामन' येतो. तुकोबांच्या अभंगात तुका येतो, चोखोबांच्या अभंगात चोखा येतो, तसा. १५ मे २००४ रोजी ते नाशिकला गेले.

ज्येष्ठात निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला निघते, तिचा मुक्काम आमच्या सातपूरला असतो. पालखी आली की मी रस्त्याच्या कडेला उभी राहते. पंढरीचा देव माझा नाही. पण पायात चप्पल नसलेली बाई शेकडो वर्षांपूर्वीचा अभंग गात चाललेली असते आणि शेवटच्या चरणात कवीचं नाव घेते, तेव्हा मला वाटतं की याहून मोठी नोंद कुठल्या कचेरीत होते? छापखाना नव्हता, कंपनी नव्हती. नाव गाण्यात गुंफलेलं होतं म्हणून टिकलं. वामनदादांनी हीच रीत उचलली. पण त्यांच्यानंतर आलेल्या कितीतरी कवींची नावं गाण्यातूनही गळाली आणि लोकांच्या तोंडातूनही.

आमच्याकडे कार्यक्रमात बक्षीस द्यायची पद्धत आहे. गाणं रंगात आलं की कुणीतरी उठतं, दहाची, पन्नासची, शंभराची नोट गायकाच्या हातात ठेवतं. गायक गाणं थांबवतो आणि माइकवर देणाऱ्याचं नाव, गाव, कंपनी, सगळं सांगतो. लहानपणी वडिलांचं नाव असं माइकवरून ऐकलं तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता! पण आता वाटतं, त्या रात्री बक्षीस देणाऱ्या पन्नास जणांची नावं मी ऐकली आणि गाणं कुणी लिहिलं ते एकदाही ऐकलं नाही. ढोलकीवाल्याचं नावही नाही.

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतही हेच दिसतं. चोवीस लेणी आहेत, आणि भिंतींवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. गौतमी बलश्री आहे, सातवाहनांची राजमाता. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात आहे. आणि राजघराण्यांच्या शेजारी मुगूदास नावाचा, अभ्यासक ज्याला कोळी समजतात असा, साधा माणूसही आपल्या परिवारासह आहे. धंभिक गावचे गावकरी आहेत. ही समता मला फार आवडते. मात्र ज्यांनी महिनोन्‌महिने छिन्नी चालवली त्यांची नावं, मी वाचलेल्या भाषांतरांत, मला कुठे भेटली नाहीत. मी स्वतः धातूवर काम करणाऱ्यांत बसते, म्हणून ते जास्त लागतं.

दहाव्या लेण्यातला उषवदाताचा एक लेख मात्र प्रत्येक कलाप्रेमी माणसाने समजून घ्यावा. त्याने ३००० कार्षापण अक्षयनीवी म्हणून ठेवले. कुठे, तर गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे. गोवर्धन म्हणजे आमच्या सातपूरपासून जवळ, गंगापूरच्या बाजूला गोदावरीकाठी आहे ते. २००० कार्षापण एका श्रेणीकडे, महिन्याला शेकडा एक व्याजाने. १००० दुसऱ्या श्रेणीकडे, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या रकमेतून त्या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण. हिशेब करून पाहा. २०००चं वर्षाचं व्याज २४० आणि वीस गुणिले बारा २४०. पैसा राजघराण्यातला, पण तो फिरता ठेवला कामगारांच्या संघटनेने, सातपूरच्या शेजारी, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी.

मला यातून दिसतं ते असं. ज्याचं काम विकत घेता येत नाही, त्याला जगवण्याची व्यवस्था समाजाला मुद्दाम करावी लागते. भिक्षू धम्म विकत नाही. गाणाराही खरं तर गाणं विकत नाही. ते एकदा हवेत गेलं की सगळ्यांचं झालं. मग तो खातो काय? आमच्या गायकांनी याची उत्तरं आपापल्या परीने शोधली. गाण्यांच्या छोट्या पुस्तिका छापल्या आणि ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर, विजयादशमीला दीक्षाभूमीवर पथारी मांडून विकल्या. मग कॅसेटी आल्या, मग सीडी. त्यानंतर मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात 'गाणी भरून मिळतील' अशी पाटी आली, आणि तिथे साखळी तुटली. दुकानदाराला पैसे मिळाले, ऐकणाऱ्याला शेकडो गाणी मिळाली, गाणाऱ्याला काहीच मिळालं नाही. गाण्याच्या फाइलवर नाव कुणाचं, तर जिथून ती उचलली त्या वेबसाइटचं.

पंचशीलातलं दुसरं शील न दिलेलं न घेण्याचं आहे. आमच्या विहारात मी हा मुद्दा मांडला तेव्हा एका वडीलधाऱ्या काकांनी उत्तर दिलं, की ताई, वामनदादांनी गाणी समाजालाच दिली, त्यात चोरी कसली? त्यांचं बरोबर आहे. गाणं दिलेलं होतं. ते गायला, शिकवायला, पुढे पाठवायला कुणाची हरकत नव्हती, उलट त्यासाठीच ते रचलेलं होतं. पण कवीने गाणं दिलं म्हणजे स्वतःचं नावही टाकून दिलं का? शेवटच्या कडव्यात त्याने ते हाताने बसवलं होतं. ते कडवं कापून गाणं पुढे पाठवणं, किंवा दुसऱ्याचं नाव चिकटवणं, हे न दिलेलं घेणंच आहे. यावर माझं मत पक्कं आहे.

या सगळ्याची कसोटी मला माझ्या घरातच द्यावी लागली. माझा भाचा इथल्याच एका कंपनीत कंत्राटी कामगार आहे. सेकंड शिफ्ट करून मध्यरात्री घरी येतो. तो रॅप करतो हे मला पुष्कळ उशिरा कळलं. कपाटात गोधड्या लावून, आत तोंड घालून रेकॉर्डिंग करतो, म्हणजे बाहेर कुत्री भुंकली तरी माइकमध्ये येत नाहीत. त्याने पहिलं गाणं ऐकवलं, आणि 'आत्या, कसं आहे?' म्हणून विचारलं. मी पंचशिखाची वीणा मनात धरून ऐकलं. कारखान्यात प्लग गेज असतो, एक टोक भोकात गेलं पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये, तसं बुद्धांचं ते वाक्य मला गेजसारखं हाताशी आलं आहे. तारेने शब्दाला ओलांडलं का? शब्दाने तारेला? त्याच्या गाण्यात बीटने शब्द गिळला होता. मी तसं सांगितलं. त्याला वाईट वाटलं, पण त्याने ऐकून घेतलं.

नंतरचं गाणं त्याने आणलं ते वेगळं होतं. बीट मागे गेला होता, मध्ये मध्ये नुसती शांतता होती, आणि भाषा आमच्या गल्लीची होती. मी त्याला विचारलं, हे केव्हा रचलंस? तो म्हणाला, कंत्राटात सात महिने झाल्यावर ब्रेक दिला ना, तेव्हा. रोज सकाळी डबा घेऊन घरातून निघायचा, कारण आईला सांगितलं नव्हतं, आणि पपया नर्सरीच्या पुढे एका झाडाखाली बसून लिहायचा. ते गाणं मी आधी चांगलं म्हणून ऐकलं होतं. ही हकीकत कळल्यावर त्यातल्या थांबण्याच्या जागा मला कळल्या. गाण्यामागचा माणूस माहीत नसेल तर गाणं अर्धंच ऐकलं जातं, असं मी त्या दिवसापासून धरून चालते.

त्यानेच मला पुढची वाट दाखवली. मुंबईच्या स्वदेशी या हिपहॉप गटाचं 'द वारली रिव्होल्ट' त्याने लावलं. त्यात आरेच्या जंगलात राहणारे प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. आदिवासी माणसाचं गाणं आणि शहरातल्या पोरांचं रॅप एकत्र, आणि दोघांतलं कुणी कुणाला ओलांडत नाही. त्याच गटात गुजरातीत रॅप करणारा धर्मेश परमार होता, एमसी तोडफोड. २०२२ साली, चोविसाव्या वर्षी तो गेला, आणि ते कळलं तेव्हा माझा भाचा कामावर गेला नाही. मुंबईचा धम्मविंग्स बँड इलेक्ट्रिक गिटारवर बुद्ध आणि बाबासाहेब गातो. ते मला पहिल्यांदा परकं वाटलं, दुसऱ्यांदा कमी. छत्रपती संभाजीनगरच्या कडुबाई खरात एकतारी घेऊन गातात. कुणीतरी मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओतून त्यांचा आवाज महाराष्ट्रभर गेला. एक तार आणि एक आवाज, दुसरं काही नाही. बुद्धांच्या गेजवर हे गाणं कुठेही अडत नाही. मी भाच्याला सांगते, तुझ्या बीटला एवढी जागा पुरते का, कडुबाईंकडून शीक.

तेव्हापासून मी गाणी शोधून ऐकते, आपोआप समोर येतील तशी ऐकत नाही. एखादं गाणं आवडलं तर ते थांबवते आणि लिहिणारा कोण, वाजवणारा कोण ते पाहते. जयंतीच्या फ्लेक्सवर गायकाचा फोन नंबर असतो, त्यावर फोन लावून अमुक गाण्याचे कवी कोण म्हणून विचारते. बहुतेक गायक आधी चकित होतात, मग भरभरून बोलतात. एकाने सांगितलं, की हे गाणं त्याच्या गुरूंचं आहे, ते वीटभट्टीवर काम करायचे, आणि त्यांचं नाव विचारणारं माणूस त्याला फार वर्षांनी भेटलं. मी ती नावं एका वहीत लिहून ठेवते. वही विहारातल्या कपाटात असते, कुणीही पाहावी.

आणि मी दान देते. लहान रक्कम असते, पण ठरलेली. विहाराच्या दानपेटीत जेवढं टाकते तेवढंच महिन्याला एका गाणाऱ्याला किंवा लिहिणाऱ्याला पाठवते. भंतेजींना मी हे सांगितलं, कारण लपवण्यासारखं त्यात काही नाही. ते थोडा वेळ गप्प राहिले, आणि मग म्हणाले, दान देताना त्याच्या आवाजाला देऊ नकोस, त्याच्या कष्टाला दे. हे मला अगदी योग्य वाटलं. आवाजाला दिलं की गुंतणं आलं, पहिले दोन धोके आले. कष्टाला दिलं की दोघंही मोकळे राहतात.

आता जयंतीच्या मंडळांना माझी विनंती आहे. डीजेवर लाखाच्या घरात खर्च होतो. त्यातला थोडा भाग बाजूला काढा आणि आपल्याच वस्तीतल्या, आपल्याच तालुक्यातल्या कवी-गायकांचा कार्यक्रम ठेवा. सुपारी ठरवताना ढोलकीवाल्याचं आणि कोरसचं मानधन वेगळं ठरवा. बक्षीस देणाऱ्याचं नाव माइकवर घ्या, जरूर घ्या, पण प्रत्येक गाण्याआधी कवीचं नाव घ्या. फ्लेक्सवर पुढाऱ्यांचे फोटो एखाद-दोन कमी झाले तर चालतील, तिथे वादकांची नावं छापा. आणि घरी बसून ऐकणाऱ्या तुम्हाला एवढंच सांगते, की पुढचं गाणं कुणाला पाठवाल तेव्हा त्याच्या खाली कवीचं नाव स्वतः टाइप करा. माहीत नसेल तर गायकाला विचारा. १५ ऑगस्टला वामनदादांची जयंती येते, सुरुवात त्या दिवशी केलीत तरी चालेल.